अठ्ठ्याहत्तर अंश पूर्व : विहिरींच्या नकाशाच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२५

यवतमाळ जिल्ह्यात अडाण, अरुणावती आणि वाघाडी या नद्यांच्या खोऱ्यांतली काही गावं निवडली आहेत. तिथल्या विहिरी, शेततळी आणि सिमेंट नाला बांध एका नकाशावर आणायचे, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी टिपायची आणि पावसाळ्याआधी ग्रामपंचायतींच्या हातात नकाशा द्यायचा. पश्चिम गट दारव्ह्याकडची गावं करतोय, पूर्व गट यवतमाळ-घाटंजीकडची. दोघांचं काम क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडण्याची जबाबदारी माझी.

या नोंदी मुख्यतः लेयर (नकाशावरचा एकेका प्रकारच्या माहितीचा थर) एकाकडून दुसऱ्याकडे जाताना काय होतं यासाठी ठेवते आहे. शेतात फिरून माहिती गोळा करणं अवघड आहे हे सगळ्यांना दिसतं. फाइल देण्या-घेण्यात ती माहिती गळते, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सॉफ्टवेअर बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. एक्सपोर्ट झालं, हिरवी पट्टी आली, की काम झालं असं सगळे धरून चालतात.

१० जानेवारी

नकाशाची मांडणी करताना लक्षात आलं की आमच्या कामाच्या बरोबर मधून ७८ अंश पूर्व रेखावृत्त जातं. दारव्हा, दिग्रस त्याच्या पश्चिमेला. यवतमाळ, घाटंजी पूर्वेला. ही साधी रेघ नाही. यूटीएम या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरमध्ये मांडण्याच्या पद्धतीत, सहा-सहा अंशांचे झोन असतात; त्यातला ४३ इथे संपतो आणि ४४ सुरू होतो. सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशांची शीटही इथेच बदलते: दारव्ह्याची ५५ एच/१५, तिला लागून यवतमाळची ५५ एल/३. उंचीसाठी एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने केलेल्या मोजणीचा) डेटा घ्यायचा तर त्याच्याही दोन फरशा इथेच मिळतात, एक ७७ अंशापासूनची आणि एक ७८ पासूनची.

म्हणजे या जिल्ह्यात काम करणाऱ्याला प्रत्येक गोष्ट दोन तुकड्यांत मिळते आणि ती जोडावीच लागते. पुणे किंवा नाशिकच्या माणसाला आयुष्यभर झोन ४३ पुरतो. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. यवतमाळ मात्र दोन्हींत.

१५ जानेवारी

पूर्व गटाची पहिली शेपफाइल (नकाशाच्या माहितीचा जुना, सर्रास चालणारा फॉरमॅट) आली. उघडली तर सगळ्या विहिरी अरबी समुद्रात, डहाणू-दमणच्या पश्चिमेला.

फाइलबरोबर .पीआरजे नव्हती. शेपफाइल म्हणजे एक फाइल नव्हे, भावंडांचा गट आहे: .एसएचपी मध्ये आकार, .एसएचएक्स मध्ये अनुक्रम, .डीबीएफ मध्ये माहितीचा तक्ता, .पीआरजे मध्ये कोऑर्डिनेट सिस्टिम (जागेचे आकडे कुठल्या पद्धतीतले आहेत ते), .सीपीजी मध्ये अक्षरांचं एन्कोडिंग. व्हॉट्सअ‍ॅपवरून यातल्या तीनच आल्या होत्या. सिस्टिम माहीत नाही म्हटल्यावर प्रोजेक्टची सिस्टिम लावली गेली, आणि प्रोजेक्ट झोन ४३ मध्ये होता. पूर्व गटाने काम ४४ मध्ये केलेलं. दोन झोनमध्ये ६ अंशांचं अंतर, म्हणून ७८.१३ वरचं यवतमाळ ७२.१३ वर जाऊन बसलं.

इथे आकड्यांवरूनच झोन ओळखता येतो, ही खूण दोन्ही गटांना सांगितली. या पट्ट्यात नॉर्दिंग (विषुववृत्तापासून उत्तरेकडचा आकडा, मीटरमध्ये) दोन्हीकडे साडेबावीस लाखांच्या आसपास येतं. पण ईस्टिंग (झोनमधला पूर्वेकडचा आकडा) दोन लाखांच्या जवळ असेल तर झोन ४४, आठ लाखांच्या जवळ असेल तर ४३. .पीआरजे हरवली तरी हा आकडा खोटं बोलत नाही.

समुद्रात गेलेला लेयर उलट चांगला, कारण चूक डोळ्यांना दिसते. खरी भीती त्यानंतरच्या पावलाची आहे. क्यूजीआयएसमध्ये लेयरवर उजवी क्लिक केली की ‘सेट लेयर सीआरएस’ मिळतं (सीआरएस म्हणजे कोऑर्डिनेट सिस्टिम). त्याने फक्त पाटी बदलते. आतले आकडे तसेच राहतात. पाटी चुकीची किंवा गायब असेल तेव्हाच हा पर्याय वापरायचा. आकडे एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममध्ये न्यायचे असतील तर ‘एक्सपोर्ट’ मधून ‘सेव्ह फीचर्स अ‍ॅज’ करून तिथे नवी सिस्टिम निवडायची, किंवा ‘रीप्रोजेक्ट लेयर’ चालवायचं. हे दोन पर्याय सारखेच आहेत असं समजून काम करणारे मी खूप पाहिलेत. त्यात एकाने पाटी बदलायची, दुसऱ्याने त्यावरून रूपांतर करायचं, तिसऱ्याने पुन्हा पाटी बदलायची, असं झालं की मूळ आकडे परत मिळवणं जवळपास अशक्य होतं.

आजपासूनचा नियम: साठवणीची फाइल दोन्ही गटांची ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशात. रेखांशाला झोनची हद्द नाही. अंतर मोजायचं किंवा विहिरीभोवती पाचशे मीटरचा बफर, म्हणजे घेर, काढायचा असेल तेव्हाच तात्पुरतं यूटीएम ४४ मध्ये न्यायचं. झोनबाहेर थोडं गेलं तर आकाश कोसळत नाही. ७८ अंशावर यूटीएमने मोजलेलं क्षेत्र हेक्टरमागे सुमारे १६ चौरस मीटर जास्त भरतं, एवढाच फरक. शेततळ्यांच्या क्षेत्रासाठी तोही नको, म्हणून ‘डॉलर एरिया’ हे सूत्र वापरणार. ते प्रोजेक्टमध्ये निवडलेल्या एलिप्सॉइडवर (पृथ्वीच्या चपट्या गोल आकाराच्या गणिती रूपावर) मोजतं, प्रोजेक्शनवर अवलंबून राहत नाही.

२३ जानेवारी

पश्चिम गटाबरोबर एका गावात नकाशाचा कच्चा कागद घेऊन गेले. चावडीवर तो पसरला, तसे एक काका वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ताई, माही विहीर नाल्याच्या अलीकडं हाये. तुमच्या नकाशात ते पलीकडं गेली.”

काकांचं बरोबर होतं. विहिरीची जागा मोबाइलच्या जीपीएसने घेतलेली, डब्ल्यूजीएस ८४ या डेटममध्ये (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया). नाला मात्र सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशा-शीटच्या (टोपोशीटच्या) स्कॅनवरून गिरवलेला. ती शीट जुन्या, एव्हरेस्ट एलिप्सॉइडवरची. शीटच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ चेच आहेत असं धरून जिओरेफरन्सिंग केलं (स्कॅन जागेवर बसवला) की आपल्या भागात सगळं शंभर-दीडशे मीटर सरकतं. जिल्ह्याच्या नकाशावर हा फरक दिसतही नाही. विहीर आणि नाला यांच्या नात्यात मात्र तो सगळं बदलून टाकतो: कुठल्या बांधाचं पाणी कुठल्या विहिरीला लागेल, याचं उत्तरच उलटं येतं.

दुरुस्ती अशी: शीटचे कोपरे कल्याणपूर १९७५ या डेटममध्ये, म्हणजे ईपीएसजी ४१४६ मध्ये द्यायचे, आणि मग रूपांतर करून ४३२६ मध्ये आणायचं. आज संध्याकाळी दोन्ही शीट तशा केल्या. नाला उपग्रह चित्रावरच्या नाल्यावर नीट बसला, काकांची विहीर अलीकडे आली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर काढलेल्या ओपन सिरीजच्या शीट डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, त्यांना हा उपद्व्याप लागत नाही. म्हणून शीट हातात आली की आधी तिच्या समासातला डेटम वाचायचा.

३ फेब्रुवारी

आजचा विषय मराठीचा, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

दोन्ही गट माहितीचे रकाने मराठीत भरतायत. गाव, शिवार, विहिरीचा प्रकार, मालकाने सांगितलेली माहिती. हे मराठीतच राहिलं पाहिजे यावर मी अडून आहे. शिवारांची नावं रोमनमध्ये लिहिली की प्रत्येकजण वेगळं स्पेलिंग करतो, आणि पुढच्या वर्षी तीच जागा तीन नावांनी दिसते.

अडचण शेपफाइलची आहे. तिचा तक्ता डीबेस या जुन्या डेटाबेसच्या जमान्यातला. रकान्याच्या नावाला १० बाइटची मर्यादा, मजकुराच्या एका चौकोनाला २५४ बाइटची. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, पण यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं मोजली जातात. म्हणजे रकान्याच्या नावाला अवघी तीन चिन्हं. ‘विहिरीची खोली’ आणि ‘विहिरीचा प्रकार’ ही दोन्ही नावं ‘विह’ पाशीच तुटतात, आणि मग सॉफ्टवेअर त्यांना वेगळं ठेवायला शेपटीला आकडा जोडतं. घेणाऱ्याला कुठला रकाना कशाचा, काही कळत नाही.

मजकुराचं तसंच. २५४ बाइट म्हणजे देवनागरीची जेमतेम ८४ चिन्हं, एक मध्यम वाक्य. पश्चिम गटातल्या मुलींनी एका विहिरीबद्दल किती छान लिहून आणलंय: कुठल्या वर्षी गाळ काढला, किती पुरुष खाली पाणी लागलं, कधी आटली. शेपफाइल करून ती परत उघडली तर वाक्य अर्ध्यात संपलेलं. ही माणसांची आठवण आहे, ती पुन्हा विचारायला गेलं तर तितकी नीट मिळेलच असं नाही.

त्यात .सीपीजी फाइल हरवली की उरलेली मराठीही लॅटिन चिन्हांच्या चुऱ्यात दिसते. ते मात्र दुरुस्त होतं: लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सोर्स’ मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करायचं.

निर्णय: आपसात शेपफाइल बंद. जिओपॅकेज वापरायचं. एकच .जीपीकेजी फाइल, आत एसक्यूलाइटचा डेटाबेस, कितीही लेयर, लांब नावं, लांब मजकूर, युनिकोड. क्यूजीआयएस ३ पासून तोच नेहमीचा फॉरमॅट आहे. कुणाला शेपफाइल हवीच असेल, आणि काही ठिकाणी ती मागतातच, तर रकान्यांची छोटी रोमन नावं करून वेगळी प्रत द्यायची, सोबत कुठलं नाव कशाचं याचा कागद. मूळ फाइल मात्र जिओपॅकेजच राहील.

एका जुन्या यादीत गावांची नावं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट लावला तर मराठी दिसतं, काढला तर अगम्य रोमन अक्षरं. तिथे एन्कोडिंग बदलून काहीच होत नाही, रूपांतरच करावं लागतं, आणि नंतर जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. ते पूर्व गटातल्या एका शिक्षकांनी अंगावर घेतलं. त्यांचे आभार इथेच लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी

सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या तक्त्याची साधी फाइल) इंपोर्ट. मोबाइलच्या फॉर्ममधून आलेल्या नोंदी ‘अ‍ॅड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’ ने घेतल्या. एक्स मध्ये रेखांश, वाय मध्ये अक्षांश. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, फॉर्मही जागा अक्षांश-रेखांश याच क्रमाने साठवतो, म्हणून उलटसुलट होणं स्वाभाविक आहे. आपल्याकडचे २० आणि ७८ उलटे पडले तर बिंदू ७८ अंश उत्तरेला जातात, म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात. विहिरी दिसत नाहीत म्हणून कुणी घाबरलं तर आधी उत्तर ध्रुवाकडे बघा, असं गटावर लिहिलंय.

याहून मोठा घोटाळा गट नंबरांचा. सीएसव्ही कुणीतरी स्प्रेडशीटमध्ये उघडून नुसती सेव्ह केली, आणि ‘५/२’ ची तारीख झाली, ५ फेब्रुवारी. ‘१२/३’ चा १२ मार्च झाला. ‘१५/४०’ तसाच राहिला, कारण चाळिसावा महिना नसतो. त्यामुळे रकाना वरवर पाहता बरोबर वाटतो, बिघडलेल्या नोंदी मध्ये-मध्ये दडलेल्या असतात. पोटहिस्सा चुकला म्हणजे विहीर दुसऱ्याच्या नावावर गेली. गावात याचा काय अर्थ होतो ते सांगायला नको.

उपाय: कच्ची सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघडायचीच नाही, थेट क्यूजीआयएसमध्ये घ्यायची आणि गट नंबराचा प्रकार ‘टेक्स्ट’ आहे ना ते इंपोर्टच्या खिडकीतच बघायचं. बिघडलेल्या नोंदी फॉर्मच्या मूळ सर्व्हरवरून पुन्हा उतरवून घेतल्या.

१९ फेब्रुवारी

दोन्ही गटांचे जिओपॅकेज जोडले. ‘मर्ज व्हेक्टर लेयर्स’ झालं, पण निकाल सेव्ह होईना. युनिक कन्स्ट्रेंटची चूक, म्हणजे एकच क्रमांक दोनदा नको ही अट मोडली. कारण सोपं: प्रत्येक जिओपॅकेजमध्ये एफआयडी नावाचा क्रमांक असतो, दोन्हींत तो १ पासून सुरू होतो, आणि जोडल्यावर एकेक क्रमांक दोनदा येतो. सेव्ह करताना रकान्यांच्या यादीतून एफआयडीची खूण काढली की नवे क्रमांक आपोआप पडतात. आमची स्वतःची विहीर-ओळख वेगळ्या रकान्यात आहे, पश्चिमेला ‘प’ आणि पूर्वेला ‘पू’ लावून, त्यामुळे काही हरवलं नाही.

२७ फेब्रुवारी

पूर्व गटाच्या पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये त्या दिवशीच्या नोंदी नव्हत्या. त्यांच्या लॅपटॉपवर मात्र दिसत होत्या. क्यूजीआयएस चालू असताना जिओपॅकेज नव्या नोंदी आधी शेजारच्या ‘-वॉल’ नावाने संपणाऱ्या फाइलमध्ये ठेवतं आणि नंतर मुख्य फाइलमध्ये घेतं. तेवढ्यात फक्त .जीपीकेजी कॉपी केली तर ताजं काम मागे राहतं. क्यूजीआयएस बंद करा, शेजारच्या दोन फाइल नाहीशा झाल्या हे बघा, मग कॉपी करा.

६ मार्च

उंचीचा डेटा. एसआरटीएमच्या दोन फरशा जोडून एक केली, यूटीएम ४४ मध्ये आणली, नाल्यांच्या रेषा काढल्या. इथे दोन गोष्टींवर बराच वेळ गेला.

रास्टर (चौकोनी घरांच्या जाळीतली माहिती) लेयर सेव्ह करताना वरती दोन पर्याय असतात: ‘रॉ डेटा’ आणि ‘रेंडर्ड इमेज’. दुसरा निवडला की पडद्यावरचे रंग सेव्ह होतात. हिरवा-पिवळा-तपकिरी नकाशा मिळतो, दिसायला सुंदर, पण त्यात उंची नसते, फक्त लाल-हिरवा-निळा यांचे आकडे असतात. बाहेरून मिळालेल्या एका जिओटिफ या रास्टर फाइलमध्ये नेमकं हेच निघालं. उंचीची सर्वात मोठी किंमत २५५ दिसली की संशय घ्यायचा, कारण या भागातली जमीन त्याहून उंच जाते.

दुसरी गोष्ट कडांची. प्रोजेक्शन बदलल्यावर चौकट किंचित कलते आणि कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरतात. तिथे ‘नो डेटा’ ची किंमत नीट दिली नाही तर शून्य भरलं जातं, आणि सॉफ्टवेअरला वाटतं की कडेला समुद्रसपाटी आहे. मग सगळे नाले तिकडे धावतात. एसआरटीएमची नो डेटा किंमत उणे ३२,७६८ आहे, ती रूपांतर करतानाच दिली. रीसॅम्पलिंग (नव्या जाळीच्या घरांत किमती बसवणं) उंचीसाठी बायलिनिअर, म्हणजे शेजारच्या घरांची सरासरी. जमीनवापराच्या रास्टरला मात्र ‘निअरेस्ट नेबर’ च (सर्वात जवळच्या घराची किंमत), नाहीतर १ म्हणजे शेत आणि ३ म्हणजे जंगल यांच्या मध्ये २ म्हणजे वस्ती उगवते.

१८ मार्च

ग्रामपंचायतींना केएमएल हवी होती, मोबाइलवर गूगल अर्थमध्ये बघायला. केएमएलमध्ये डब्ल्यूजीएस ८४ शिवाय दुसरं काही चालत नाही, त्यामुळे झोनची कटकट नाही. पण बिंदूवर नाव कुठलं दिसेल हे आपण सांगावं लागतं: एक्सपोर्टच्या खिडकीत खाली ‘नेमफील्ड’ मध्ये रकाना निवडायचा. मी शिवाराचं नाव आणि गट नंबर जोडून एक रकाना केला आणि तो दिला. मालकांची नावं आणि फोन नंबर वगळले. केएमएल एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की कुठे-कुठे पोचते यावर ताबा राहत नाही, आणि लोकांनी ती माहिती गावच्या पाण्यासाठी दिली आहे.

एका गावाची फाइल फारच छोटी निघाली. लेयरमध्ये काही बिंदू निवडलेले असले की ‘फक्त निवडलेले सेव्ह करा’ ची खूण आपोआप लागते. निवड रद्द करून पुन्हा काढली. या कारणासाठी तपासणीत आता पहिली ओळ हीच आहे: एक्सपोर्टच्या आधी आणि नंतर फीचरची, म्हणजे लेयरमधल्या नोंदींची, संख्या.

वेब नकाशासाठी जिओजेसन हा फॉरमॅट मागितलाय. २०१६ च्या मानकाप्रमाणे तेही डब्ल्यूजीएस ८४ मध्येच, रेखांश आधी. दशांशाची घरं ६ ठेवली, ती दहाएक सेंटिमीटरपर्यंत जातात. मोबाइलचं जीपीएस उघड्या रानातसुद्धा काही मीटर इकडे-तिकडे असतं, त्यामुळे पंधरा घरं लिहून फाइल फुगवण्यात अर्थ नाही.

२ एप्रिल

तांत्रिक मंडळींना द्यायची फाइल ‘पॅकेज लेयर्स’ ने (सगळे लेयर एका जिओपॅकेजमध्ये भरणाऱ्या साधनाने) केली. रंग आणि चिन्हंही त्याच जिओपॅकेजमध्ये सेव्ह होतात, तो पर्याय चालू ठेवला. तात्पुरत्या लेयरवर संगणकाच्या चिपचं छोटं चिन्ह दिसतं, अशा दोन लेयर उरल्या होत्या, त्या आधी कायम केल्या. क्यूजीआयएस बंद झाल्यावर त्या परत मिळत नाहीत.

मग फाइल ज्या लॅपटॉपवर हे काम कधीच उघडलं नव्हतं तिथे नेली, रिकाम्या प्रोजेक्टमध्ये उघडली. फीचरची संख्या, चारही बाजूंची हद्द, सीआरएस, सर्वात लांब मराठी मजकूर पूर्ण आहे का, ‘/’ असलेला एक गट नंबर आणि चावडीवरच्या काकांची विहीर नाल्याच्या कुठल्या बाजूला, हे बघितलं. माझ्या लॅपटॉपवर सगळं चालतं याला किंमत नाही. घेणाऱ्याकडे उघडलं पाहिजे. पूर्व गटातल्या एका दादांनी मी काही न सांगता तीच फाइल उघडून नकाशा छापला, तेव्हा ती पुढे पाठवली.

सोबत एक पानाची नोंद मराठीत: कुठला लेयर कुणी, कधी, कशावरून केला, डेटम कुठला, रकान्यांचे अर्थ, मोजमापाची एककं. पाण्याची पातळी जमिनीपासून मोजली आहे, कठड्यापासून नाही, हेही त्यात आहे.

१२ मे

उन्हाळ्यातल्या पातळ्या यायला लागल्या. त्यांच्यासाठी विहिरींच्या लेयरमध्ये नवे रकाने वाढवणार नाही. पातळ्यांचा वेगळा तक्ता त्याच जिओपॅकेजमध्ये, विहीर-ओळखीने जोडलेला: एका ओळीत एक विहीर, एक तारीख, एक पातळी. कोरड्या विहिरीला शून्य लिहायचं नाही, तो चौकोन रिकामा ठेवून शेरा ‘कोरडी’. शून्य म्हणजे काठोकाठ भरलेली. शेपफाइलमध्ये आकड्याचा रिकामा चौकोन नीट टिकत नाही, वाचणाऱ्या सॉफ्टवेअरप्रमाणे तो शून्य होऊ शकतो, म्हणून शेपफाइल मागणाऱ्यांसाठी ‘कोरडी’ चा रकाना वेगळा दिला आहे.

पश्चिम गटाचा तक्ता आजच जोडला, ओळखी सगळ्या जुळल्या. पूर्व गटाच्या चार गावांच्या पातळ्या बाकी आहेत.